आवाज आधी, चेहरा नंतर: म्युझिक व्हिडिओ बनवणाऱ्यांची जुनी गोष्ट

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना झालेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" निम्मे काढलेत, निम्मे राहिलेत. सांभाळून घ्या.)

कुणी बसमध्ये ऐकत असाल, कुणी भांडी घासताना, कुणी ऑफिसच्या मीटिंगमध्ये एका कानात इअरफोन घालून.

गेल्या महिन्यात माझ्या चुलतभावाचा फोन आला. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "दादा, आम्हाला मीडियाच्या इलेक्टिव्हमध्ये म्युझिक व्हिडिओ करायचाय. तू केला होतास ना? काही टिप्स दे." मी म्हटलं, देतो की. आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की आमच्या त्या व्हिडिओबद्दल मी सहा-सात वर्षांत कुणाशीच नीट बोललेलो नाही. मार्क चांगले पडले होते. पण त्यात मी एक गोष्ट केली होती, ती अजून खुपते.

तर आजचा एपिसोड त्या टिप्सचा आहे आणि इतिहासाचाही. कारण आम्ही ज्या खड्ड्यात पडलो, तो १९३१ पासूनचा आहे. आपल्याकडच्या लोकांनी तो बुजवायचा उपाय १९३५ मध्येच शोधला होता. आम्हाला ते माहीतच नव्हतं.

आधी आमचा पराक्रम

थर्ड इयर. पाच जणांचा ग्रुप. नावं घेत नाही, सगळे अजून व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत. विषय होता मीडिया प्रॉडक्शन: चार मिनिटांच्या आत एक म्युझिक व्हिडिओ, सोबत स्टोरीबोर्ड आणि शॉटलिस्ट. आमच्या वर्गातल्याच एका मुलीनं गाणं लिहिलं होतं, चाल लावली होती आणि गायलीही तीच होती. पावसावरचं, हॉस्टेलच्या खिडकीतून दिसणाऱ्या पावसाचं. गाणं खरंच चांगलं होतं. हॉस्टेलच्या खोलीत खिडकीला गाद्या लावून आम्ही ते रेकॉर्ड केलं. मागे एकदा कुकरची शिट्टी ऐकू येते, पण ठीक आहे.

मग दोन दिवस शूट. कँटीनची गच्ची, टू-व्हीलरचं पार्किंग, कॉलेजमागची टेकडी. ब्लूटूथ स्पीकरवर गाणं लावायचं, तिनं ओठ हलवायचे, आम्ही फोनवर शूट करायचं. सदतीस क्लिप झाल्या. तिचे क्लोजअप सगळ्यात छान आले होते. कॅमेऱ्याचं टेन्शन नव्हतं तिला, गाण्यातच असायची.

आणि मग आमच्या ड्रमरला वाटलं, की गाणं थोडं स्लो आहे. त्याचा एक मित्र घरी मिक्सिंग करायचा. त्याच्याकडे जाऊन गाणं ९२ बीपीएमचं ९४ वर नेलं. दोनच तर बीट! शिवाय तिनं नवीन टेक दिला, आणि तो आधीच्यापेक्षा कितीतरी सरस होता. सगळे खूश. सबमिशनला चार दिवस होते.

आता जरा हिशोब करू. चार मिनिटांचं गाणं ९२ बीपीएमला म्हणजे ३६८ बीट. तेच ३६८ बीट ९४ ला वाजवले तर २३५ सेकंदांत संपतात. म्हणजे शेवटाकडे पाच सेकंदांचा फरक. तुमच्यातले हुशार म्हणतील, मग व्हिडिओ दोन टक्के फास्ट करायचा ना! केला. बीट जुळले. ओठ जुळले नाहीत. कारण नवीन टेकमध्ये ती वेगळ्या जागी श्वास घेत होती, एक शब्द ओढत होती, दुसऱ्या कडव्यात तर एक हरकत नव्यानं घेतली होती. माणूस दुसऱ्यांदा तेच गाणं तसंच्या तसं गात नाही, हे मला पहाटे तीन वाजता टाइमलाइनसमोर बसून कळलं.

एडिटर मी होतो. झोप नाही, लॅपटॉपचा पंखा बोंबलतोय. मी काय केलं असेल? तिचे सगळे क्लोजअप काढून टाकले. त्याजागी आमच्या दुसऱ्या मैत्रिणीचे छत्री घेऊन चालतानाचे शॉट लावले, टेकडी लावली, पागोळ्या लावल्या. व्हिडिओ एकदम स्मूथ झाला. फक्त जिचं गाणं होतं, ती त्यात नव्हती. आणि चार मिनिटांच्या मर्यादेत बसवायला शेवटची नावांची पाटीही मी तीन सेकंदांची केली. त्यात फक्त ग्रुपचं नाव मावलं.

तिला विचारलं नाही. सकाळी सांगू, असं ठरवलं आणि सकाळी सांगितलंही नाही.

हे इथं थांबवतो. आता नव्वद वर्षं मागे जाऊ.

१९३१: गाणं आणि चेहरा एकाच पट्टीवर

१४ मार्च १९३१. मुंबई, गिरगावातलं मॅजेस्टिक सिनेमागृह. अर्देशिर इराणींचा 'आलम आरा' लागला, भारतातला पहिला बोलपट. त्यात सात गाणी होती. आणि ती गाणी कशी घेतली? नट कॅमेऱ्यासमोर गातोय, तबला-पेटीवाले फ्रेमच्या जरा बाहेर लपून बसलेत, आणि आवाज त्याच क्षणी, चित्राबरोबर त्याच फिल्मवर उमटतोय. वेगळं रेकॉर्डिंग नाही, डबिंग नाही.

आता प्रॉब्लेम बघा. स्टुडिओ रेल्वेलाइनच्या जवळ. गाडी गेली की टेक वाया. मग काय, बरंचसं शूटिंग गाड्या बंद झाल्यावर, मध्यरात्रीनंतर करायचे. आमची कुकरची शिट्टी आठवली की मला या लोकांबद्दल फार जवळीक वाटते. दुर्दैव असं, की 'आलम आरा'ची एकही प्रत आज शिल्लक नाही.

पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, प्रभात फिल्म कंपनीनं कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' केला. पहिला मराठी बोलपट, दिग्दर्शक व्ही. शांताराम. त्यात गोविंदराव टेंबे राजा हरिश्चंद्र, आणि संगीतही त्यांचंच. दुर्गा खोटे तारामती. पडद्यावर दिसतात त्यांनीच गायचं, असा तो काळ. त्यामुळे हिरो निवडताना पहिला प्रश्न असायचा: गाता येतं का? संगीत नाटकाच्या गायक-नटांना सिनेमात मागणी होती ती यामुळेच.

प्रभात १९३३ मध्ये पुण्याला आली. प्रभात रोड हे नाव कुठून आलं, असं कुणी विचारलं तर आता सांगा. आणि त्याच स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये सरकारनं फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली, म्हणजे आजची एफटीआयआय. जिथं एकेकाळी नट जागेवर उभं राहून गायचे, तिथं आज विद्यार्थी प्रोजेक्ट करतात.

अशा पद्धतीत एक मोठा फायदा होता. लिपसिंकचा प्रश्नच नाही! ज्याचा आवाज त्याचाच चेहरा, त्याच क्षणाचा. पण तोटे भरपूर. माइक फ्रेममध्ये दिसता कामा नये आणि गाणाऱ्यापासून लांबही नको, त्यामुळे नट फारसा हलू शकत नाही. एक सूर हुकला की शॉट गेला, शॉट हुकला की सूर गेला. आणि एकच गाणं गच्चीवर, पार्किंगमध्ये आणि टेकडीवर असं कापून दाखवायचं म्हणजे महाकठीण, कारण प्रत्येक जागी आवाज वेगळा येणार.

१९३५: दोघांची ताटातूट

उपाय निघाला कोलकात्यात, न्यू थिएटर्समध्ये. दिग्दर्शक नितीन बोस, संगीतकार रायचंद बोराल आणि पंकज मल्लिक, ध्वनिमुद्रक नितीनबाबूंचे भाऊ मुकुल बोस. १९३५ मध्ये त्यांनी बंगालीत 'भाग्यचक्र' आणि हिंदीत 'धूप छाँव' केला, आणि त्यात गाणं आधी रेकॉर्ड करून मग त्यावर चित्रण करायची पद्धत वापरली. असं सांगतात, की पंकज मल्लिक घरी ग्रामोफोनवर रेकॉर्ड लावून तिच्याबरोबर गात होते, ते बघून नितीनबाबूंना ही कल्पना सुचली. गोष्ट खरी असो वा रंगवलेली, कल्पना साधी आहे: रेकॉर्ड वाजतेय, माणूस तिच्याबरोबर ओठ हलवतोय, मग कॅमेऱ्याला काय फरक पडतो?

याला आपण प्लेबॅक म्हणतो. मराठीत पार्श्वगायन. आणि माझ्या मते आजचा प्रत्येक म्युझिक व्हिडिओ, तुमचं तीस सेकंदांचं रीलसुद्धा, याच कल्पनेचं पोर आहे. आवाज आधी, शांत खोलीत, हवे तेवढे टेक घेऊन. चेहरा नंतर, हवा तिथं, हव्या त्या प्रकाशात. दोघांना जोडणारा दुवा एकच: वेळ. गाण्याचा वेग रेकॉर्डिंगच्या दिवशी जो होता तोच शूटच्या दिवशी असला पाहिजे, आणि एडिटच्या टेबलावरही तोच. त्यासाठी कॅमेरा आणि आवाजाचं यंत्र एकाच ठरलेल्या वेगानं चालवायची सगळी खटपट. आणि शॉटच्या आधी ती काळी-पांढरी पाटी वाजवतात ना, ती क्लॅप, तीही त्याचसाठी. पाटी मिटताना दिसते ती फ्रेम आणि "टक्" ऐकू येतो तो क्षण, दोन्ही एकावर एक ठेवायचे.

आम्ही इंजिनीअर लोक रिलीजच्या आधी कोड फ्रीझ करतो. म्हणजे आता कुणी काहीही बदलायचं नाही, कितीही छान आयडिया आली तरी. प्लेबॅकची पद्धत म्हणजे गाण्याचा कोड फ्रीझ. १९३५ ची माणसं तो पाळत होती. आम्ही शूट झाल्यावर गाणं बदललं.

पण मंडळी, या ताटातुटीचा एक परिणाम लगेच कुणाच्या लक्षात आला नसेल. आवाज आणि चेहरा वेगळे झाले, म्हणजे आता आवाजवाला माणूस गायब होऊ शकतो.

१९४९: रेकॉर्डवर नाव कुणाचं?

बॉम्बे टॉकीजचा 'महल'. दिग्दर्शक कमाल अमरोही, संगीतकार खेमचंद प्रकाश, पडद्यावर मधुबाला. त्यातलं ते भुतासारखं लांबून येणारं गाणं तुम्ही ऐकलेलं आहेच. नसेल तर एपिसोड संपल्यावर ऐका, रात्री ऐका.

ते "लांबून" कसं आणलं? लताबाईंनीच हा किस्सा सांगितलेला आहे. माइक खोलीच्या मधोमध ठेवला. त्या खोलीच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि सुरुवातीच्या ओळी गात गात एकेक पाऊल माइककडे चालत आल्या. मुखडा सुरू होतो त्या क्षणी माइकसमोर पोचायचं. पाऊल लवकर पडलं की पुन्हा पहिल्यापासून. आज आपण एक प्लगइन टाकतो आणि रिव्हर्बचं बटण फिरवतो. तेव्हा एक तरुण मुलगी चालत होती.

गाणं तुफान गाजलं. आणि रेकॉर्डवर गायिकेचं नाव काय छापलं होतं? "कामिनी." म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव! त्या काळी रेकॉर्डवर पात्राचं नाव छापायची पद्धत होती. रेडिओवर गाणं लागलं की ऐकणारे पत्र लिहून विचारायचे, ही कोण गातेय? शेवटी चौकशी होऊन रेडिओवर नाव सांगितलं गेलं: लता मंगेशकर.

गोष्ट तिथंच संपत नाही. फिल्मफेअर पुरस्कार १९५४ पासून सुरू झाले. त्यात संगीतकाराला पुरस्कार होता, गायकाला नव्हता. काही वर्षांनी 'चोरी चोरी'साठी शंकर-जयकिशनना पुरस्कार मिळाला आणि समारंभात ते गाणं लताबाईंनी गावं, असं ठरलं. त्यांनी नकार दिला. गाणाऱ्यासाठी पुरस्कारच नसेल तर तिथं मी का गाऊ, असं त्यांचं म्हणणं. १९५९ पासून पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला, आणि पहिला त्यांनाच, 'मधुमती'साठी.

मला हा इतिहास आवडतो, कारण यात लताबाई "मला पडद्यावर दाखवा" म्हणत नाहीत. चेहरा मधुबालाचा आहे, राहू दे. नाव माझं लिहा, एवढंच. हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

१९७५: पाचगणीच्या शाळेतला मुलगा

आता थेट इंग्लंडला जाऊ, पण व्हाया पाचगणी.

फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा, जन्म झांझिबारचा, पण शाळा पाचगणीची: सेंट पीटर्स. तिथं तो बोर्डिंगला होता, पियानो शिकला आणि शाळेतल्या मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. पुढे कुटुंब लंडनला गेलं, तिथं त्यानं ईलिंगच्या आर्ट कॉलेजात ग्राफिक डिझाइन केलं. जगाला तो फ्रेडी मर्क्युरी म्हणून माहीत आहे. त्याचा बँड क्वीन.

बाकीचे तिघं ऐकाल तर तुम्हाला आपल्याच हॉस्टेलची आठवण येईल. गिटारवाला ब्रायन मे फिजिक्सचा विद्यार्थी, पीएचडी अर्धवट सोडलेली (ती त्यानं २००७ मध्ये पूर्ण केली). त्याची गिटार त्यानं वडिलांबरोबर घरी बनवलेली, मान जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची. बेसवाला जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. त्यानं कचऱ्यात सापडलेल्या सर्किट बोर्डवरून अँप बनवला आणि तो रेकॉर्डिंगमध्ये खरंच वापरला. ड्रमर रॉजर टेलर डेंटिस्ट्री सोडून बायोलॉजीकडे वळलेला.

१९७५ मध्ये त्यांनी 'बोहेमियन रॅप्सडी' केलं. जवळपास सहा मिनिटांचं गाणं. मधल्या ऑपेराच्या भागात मोठा कोरस ऐकू येतो, पण गाणारे तीनच आहेत: मर्क्युरी, मे आणि टेलर. चोवीस ट्रॅकच्या टेपवर तेच तिघं पुन्हा पुन्हा, एकावर एक. ब्रायन मे सांगतो, की टेप इतक्या वेळा फिरवली की झिजून आरपार दिसायला लागली.

आता हे स्टेजवर कसं गाणार? बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' कार्यक्रमात जाऊन नुसतं ओठ हलवायचे तर हसं होणार. शिवाय दौरा सुरू होणार होता. म्हणून ठरलं, की आधीच एक व्हिडिओ करून बीबीसीला द्यायचा. लंडनजवळ एल्स्ट्रीला दौऱ्याची रिहर्सल चालू होती, तिथंच दिग्दर्शक ब्रूस गावर्सनं शूट केलं. फिल्मवर नव्हे, टीव्हीच्या व्हिडिओटेपवर. शूट साधारण चार तासांत, एडिट पाच तासांत, खर्च साडेचार हजार पौंडांच्या घरात.

ग्रुप प्रोजेक्ट करणाऱ्यांनी इथं कान टवकारा. इफेक्ट सगळे कॅमेऱ्यातच केले, नंतर नाही. एका चेहऱ्याचे अनेक चेहरे दिसतात ना? लेन्ससमोर पैलू पाडलेली काच. चेहऱ्याच्या मागे चेहऱ्यांची रांग लांब लांब जाते? कॅमेरा मॉनिटरकडे वळवला. कॅमेरा मॉनिटरला बघतोय, मॉनिटर कॅमेऱ्याचं चित्र दाखवतोय, म्हणजे चित्राचा फीडबॅक. व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून तीच विंडो उघडली की बोगदा दिसतो, तसं. आणि ते अंधारातले चार चेहरे? ती पोझ त्यांच्याच १९७४ च्या 'क्वीन टू' अल्बमच्या मुखपृष्ठावरची. फोटोग्राफर मिक रॉकनं ती मार्लीन डीट्रिशच्या 'शांघाय एक्सप्रेस' सिनेमातल्या फोटोवरून घेतली होती. म्हणजे स्टोरीबोर्डची पहिली फ्रेम त्यांच्याकडे वर्षभर आधीपासून तयार होती.

चार तासांत शूट होतं ते यामुळे. गाणं लॉक, मुख्य चित्र डोक्यात पक्कं, जागा हाताशी, आणि नंतर करू म्हणून काही शिल्लक ठेवलेलं नाही.

२० नोव्हेंबर १९७५ ला तो व्हिडिओ दाखवला गेला. गाणं ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. याच्या आधी गाण्यांच्या फिल्म झाल्या नव्हत्या असं नाही, बीटल्सनीही केल्या होत्या. पण रेकॉर्ड कंपन्यांना व्हिडिओची ताकद पटली ती या गाण्यानंतर. १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं. नव्वदच्या दशकात चॅनल व्ही आणि एमटीव्ही आपल्याकडे आले, आणि १९९५ चा अलिशा चिनॉयचा 'मेड इन इंडिया' व्हिडिओ तुमच्या ताई-दादांना अजून तोंडपाठ असेल.

आता एक गंमत. त्या व्हिडिओतल्या अंधारातल्या चार चेहऱ्यांपैकी एक जॉन डीकनचा आहे. त्याचा आवाज त्या कोरसमध्ये नाहीच. म्हणजे 'महल'च्या उलट: तिथं आवाज होता, चेहरा नव्हता, आणि इथं चेहरा आहे, आवाज नाही. पण कुणाची तक्रार नाही. कारण चौघांना ते माहीत होतं, चौघांनी मिळून ठरवलं होतं, आणि चौघांची नावं अल्बमवर होती.

चुलतभावाला दिलेल्या टिप्स

आता कामाचं बोलू. त्याला मी जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो.

एक. गाणं फायनल झाल्याशिवाय शूटची तारीख ठरवू नका. आणि शूट झाल्यावर कुणी "नवीन मिक्स ऐक ना" म्हणालं, तर फक्त वाद्यं बदलायची. वेग आणि आवाजाचा टेक तोच.

दोन. गाण्याच्या सुरुवातीला चार टिकटिक जोडा आणि शूटला तीच फाइल वाजवा. गाणाऱ्याला कधी सुरू करायचं ते कळतं, आणि एडिटला तीच तुमची क्लॅप. फोनच्या माइकवर आलेला आवाज फेकू नका, त्याची लाट मूळ गाण्याच्या लाटेवर ठेवली की शॉट जागेवर बसतो.

तीन. फोन अंधारात गुपचूप फ्रेम रेट कमी करतो. मग एडिटमध्ये सुरुवातीला जुळलेले ओठ शेवटी सुटतात. मॅन्युअल कॅमेरा ॲपमध्ये फ्रेम रेट पक्का करा, किंवा एडिटच्या आधी क्लिप एकसारख्या रेटवर बदलून घ्या.

चार. किती चूक चालते? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत आकडे आहेत: आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तर माणसाला कळतं, पण मागे राहिला तर १२५ पर्यंत कळत नाही. हे असमान का? मला वाटतं, निसर्गात आपण वीज आधी बघतो आणि गडगडाट नंतर ऐकतो, त्याची कानाला सवय आहे. म्हणून शंका असेल तर आवाज एक फ्रेम मागे ठेवा, पुढे नको.

पाच. गाणाऱ्याचे चेहऱ्याचे शॉट एक संपूर्ण टेक सलग घ्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. बाकी टेकडी-बिकडी नंतर. तो एक टेक असेल तर काहीही झालं तरी व्हिडिओ उभा राहतो.

सहा. नावांची पाटी सगळ्यात आधी बनवा. एडिट सुरू करायच्या आधी, रिकाम्या टाइमलाइनवर. तिची लांबी चार मिनिटांतून वजा करा, आणि मग उरलेल्या वेळात कलाकारी करा.

सहावी टिप ऐकून तो हसला. "दादा, हे पहिल्यांदा कोण करतं?" मी म्हटलं, मी करतो. आता.

राहिलेली गोष्ट

कॉलेजच्या हॉलमध्ये सगळ्या ग्रुपचे व्हिडिओ दाखवले. तिचे आई-बाबा साताऱ्याहून आले होते, आणि मला ते तिथंच कळलं. आमचा व्हिडिओ लागला. टाळ्या पडल्या. तिचे बाबा खुर्चीत पुढे सरकून शेवटपर्यंत बघत होते, आता येईल, मग येईल. ती बाहेर आली, म्हणाली, "एडिट छान झालंय रे." मी म्हटलं, "थँक्स." काका माझ्याशी हसून बोलले, आम्हाला चहा पाजला. कुणी काही म्हणालं नाही. ती आमच्या बँडमध्ये नंतर गायली नाही. अभ्यासाचं कारण सांगितलं होतं, आणि मी ते सोयीनं खरं मानलं.

चुलतभावाच्या फोननंतर मी जुनी हार्डडिस्क काढली. सदतीसच्या सदतीस क्लिप होत्या. पहिला टेकही होता, कुकरच्या शिट्टीसकट. दोन रविवार बसून मी नवीन एडिट केला: जुना टेक, आणि त्यावर तिचेच क्लोजअप. ओठ तंतोतंत जुळतात, जुळणारच. मग तिला फोन केला. एवढ्या वर्षांनी. त्या रात्री काय केलं ते सगळं सांगितलं, 'महल'चा किस्साही सांगितला, आणि म्हटलं, व्हिडिओ पाठवतो, बघ.

तिनं बघितला. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"अरे, दुसऱ्या कडव्यात मी बेसूर आहे. हा कशाला काढलास उकरून?"

"पण यात तू आहेस."

"ते दिसलं. पण नवीन टेकच चांगला होता, तोच राहू दे. छत्रीचे शॉटही छान होते." मग जरा थांबून म्हणाली, "चेहऱ्याचं मला तेव्हाही एवढं नव्हतं. बाबा शेवटपर्यंत नाव शोधत होते. ते टाक."

तर मंडळी, जुनाच एडिट पुन्हा रेंडर केला. गाणं तेच, ९४ बीपीएमचं. शेवटची पाटी आता अकरा सेकंदांची आहे. शब्द, चाल आणि आवाज या तिन्हींपुढे तिचं नाव. व्हिडिओ चार मिनिटांच्या वर जातो, पण आता मार्क कोण कापणार?

फाइल तिच्या बाबांना पाठवली आहे. काकांचा रिप्लाय आला: हात जोडलेला इमोजी, आणि खाली, "साउंड चांगला आहे."

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. प्रोजेक्ट करत असाल तर गाणं आधी लॉक करा. आणि ती पाटी, आजच.